नऊ तोफा आणि गोधडीची सुई

दादा,

एका तोफेचा कान तू आरपार पाडलास आणि मला सांगितलं नाहीस, हे मला तू गेल्यावर महिन्याभरानं कळलं. तोवर मी तुझ्या नऊच्या नऊ तोफा माझ्या हातानं वाटून मोकळी झाले होते. तेरवीचं जेवण झालं, माणसं चपला शोधायला लागली, आणि मला एकदम वाटलं की यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं. फळीवरून एकेक तोफ उतरवली, पदरानं पुसली आणि "घ्या, दादाची आठवण" म्हणत एकेकाच्या पिशवीत घातली. लोक रडले. मीही रडले. आपण फार शहाणपणाचं काही केलं असं वाटून त्या दिवशी मला झोपही बरी लागली. सगळ्यात जास्त राग मला त्या झोपेचा येतो.

हे मी तुझ्याशीच बोलते आहे, पण आपली भाची वंदना वाचायला मागेल, जीनमधली माणसं मागतील, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. तू दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जन्मभर फिटर होतास. रिटायर झालास, दोन वर्षांनी वहिनी गेली, मूलबाळ नव्हतं. मी बाभुळगावच्या दवाखान्यात नर्स, लग्न केलं नाही, नोकरी संपल्यावर ट्रंक घेऊन तुझ्याकडे आले. दोन तिरसट म्हातारी माणसं एका घरात. न्हाणीघराला लागून टिनाची खोली होती, तिथे वहिनी जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या ठेवायची. त्या काढून तू तिथे जुना छोटा लेथ बसवलास आणि शोभेच्या तोफा करायला लागलास. वीतभर लांबीच्या, पितळी, सागवानी चाकांवर उभ्या. झालं, एवढं पुरे. तू कुठल्या साली कुठे शिकलास हे ज्याला हवं त्यानं दुसऱ्याला विचारावं.

पहिली तोफ तू जीनमधून भंगारात निघालेल्या मशिनीच्या बुशची केली होतीस. "याले गनमेटल म्हनतात सुमे," तू म्हणालास, "पयले याच्या तोफा करत. मंग ते रुईच्या मशिनीत येऊन पडलं. मी त्याले त्याच्या घरी नेऊन राह्यलो." चाकं तू त्या बढईकडून करून आणायचास, जो तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करतो. त्याच्याकडे बैलाच्या गाड्याची चाकं तयारच असत, फक्त तुला त्यांना बारा आरे हवे असायचे आणि त्याला आठच्या वर येत नसत. त्यावरून तुमचं दरवर्षी वाजायचं. चाकांच्या धावेला तू जीनच्या रोलरचं चामडं बारीक कापून चिकटवायचास. एवढ्याशा खेळण्याला एवढी उठाठेव कशाला, असं मी म्हणायचे, आणि तू नसताना ती चाकं बोटानं फिरवून बघायचे.

ती पहिली तोफ तू माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवलीस तो दिवस मला आठवतो. मी उचलली. जड होती. मागच्या बाजूला वरती एक बारीक भोक होतं.

"हे काय?"

"तो तोफेचा कान. इथून बत्ती देतात."

"म्हणजे ही वाजेल?"

तू नुसता हसलास. मी कप खाली ठेवला. मग मी तुला त्या माणसाविषयी सांगितलं, जो दिवाळीच्या संध्याकाळी आमच्या दवाखान्यात आला होता. चांगला चाळिशीचा शेतकरी, बहिणीच्या लेकरांना गंमत दाखवायला त्यानं फटाक्यांची दारू एका नळकांड्यात ठासली होती. हाताला नवाकोरा दिवाळीचा टॉवेल गुंडाळून आला आणि "सिस्टर, पट्टी करून द्या, पाहुणे बसले हायेत" म्हणाला. मी टॉवेल सोडला. पुढचं मी तुला एकदाच सांगितलं होतं आणि तू अर्धा चहा ठेवून उठून गेला होतास. संध्याकाळी येऊन तू म्हणालास, "ठीक हाय. कान नुसता कोरतो. आत जाऊ देत नाही." त्या पहिल्या तोफेचा कान तू पितळेची खुंटी ठोकून बुजवलास, माझ्यासमोर.

पण मनातून तुला ते कधी पटलं नाही. आलागेला तोफ उचलून बघायचा तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवायचास. "बहिरी हाय. बहिनीची ऑर्डर." मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "मग पेपरवेट म्हण ना तिला!" आणि तू तेवढ्याच मोठ्यानं, "तोफ वाजलीच नाही तं तिले तोफ काहून म्हनाव?" हा वाद आपण किती वर्षं घातला असेल. खरं सांगू, मला तो आवडायचा. त्यात मीच जिंकलेली असायची.

यंदा आपल्या घरी सण नाही. घट बसवले नाहीत, दाराला तोरण नाही. पण अष्टमीच्या दिवशी दुपारी वाटलं की दरवर्षी खंडेनवमीला तू लेथला हळदकुंकू वाहायचास, निदान मशीन पुसून एक फूल तरी ठेवावं. खोली उघडली. तेलाचा वास तसाच होता. मी धूळ झटकली, कानशी एकीवर एक रचून ठेवल्या, खण ओढला. खणात तळाशी कॅलेंडरच्या कागदाची एक पुडी होती. उघडली तर आत टोक मोडलेलं एक बारीक ड्रिल. आणि कागदावर पेन्सिलीनं, तुझ्या त्या डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात, 'कान केला. आरपार. सुमीला सांगायचं.'

मी तुझ्या स्टुलावर बसले. चाळीस वर्षं नर्सगिरी केली, रक्त बघून मला कधी काही झालं नाही, आणि तो एवढासा कागद मी उलटसुलट करून चारदा वाचला. दिवाळी वीस दिवसांवर होती. नऊ तोफा नऊ घरी. त्यातल्या पाच घरांत लहान मुलं. आणि त्या प्रत्येक घरात मी स्वतः, दात काढून हसत, आशीर्वाद दिल्यासारखी तोफ दिली होती. कुठली? कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. तुझ्या तोफा सगळ्या सारख्या दिसतात, दादा, तुझा हात इतका पक्का होता.

पहिला फोन वंदनाला महागावला. तिला म्हटलं, बाई गं, मामाची तोफ घे, तिच्या मागच्या भोकात सुई घालून बघ, किती आत जाते.

"सुई? तोफेत?"

"हो. बारीक घे."

"मावशी, जातच नाही. भोकच नाही ते, नुसता खड्डा हाय."

"त्याहून बारीक घे. मण्यांची सुई असेल तर ती घे."

तिनं तिसरी सुई घातली, तीही गेली नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तिकडे ती रडायला लागली. "मावशी, तू जेवतेस न वं बराबर? मी येऊ काय? एकटी कायले राहून राह्यली तू?" पोरीला वाटलं माझं डोकं फिरलं. मी खरं कारण सांगितलं नाही. का नाही सांगितलं माहीत आहे? तुझं नाव खराब होईल म्हणून. तू मेल्यावर सव्वा महिन्याच्या आत लोकांनी म्हणावं की म्हाताऱ्यानं घराघरांत बाँब ठेवले, हे मला ऐकायचं नव्हतं. त्या दिवशी आणखी चार घरी फोन झाले. एकानं सुई मोडली, एकीनं "उद्या बघते" म्हटलं आणि मी तिच्यावर इतकी ओरडले की तिनं फोन न ठेवता तसाच कान तपासला. त्याही चार बंद. मला जितक्या तोफा बंद निघत तितकी भीती वाढत होती, कारण उरलेल्यांतली एक ती असणार होती.

नवमीला बाभुळगावला गेले, वहिनीच्या माहेरी. त्यांचा फोन लागत नव्हता. सकाळी निघाले, जीपमध्ये दोन पोत्यांच्या मध्ये बसले, आणि वाटभर पर्समधली गोधडीची सुई चाचपत राहिले. घरात सुतकाची छाया असलेल्या बाईनं नवमीच्या दिवशी दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, हे मला कळत नव्हतं असं नाही. तुझ्या मेहुण्याची बायको दारात उभी राहिली ती बाजूला होईना.

"सुमनताई, आज? असं अचानक?"

"तोफ कुठे आहे?"

तोफ देवासमोर होती. त्यांनी तिची शस्त्र म्हणून पूजा मांडली होती, चाकांना गोंडे, नळीला हार, आणि कानात बोटानं दाबून भरलेलं कुंकू. खड्डा आहे की भोक, काही दिसायला जागा नाही. मी तिथेच खाली बसले, सुई काढली आणि त्या पूजेतल्या तोफेच्या कानात खुपसली.

दादा, तुला ते दृश्य दिसतं का? बिनलग्नाची म्हातारी, घरात ताजं मरण, ऐन नवमीला न बोलावता येते आणि देवापुढच्या वस्तूत सुई टोचते. माझ्या मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. तुझ्या मेहुण्याची बायको किंचाळली, "अवो, धावा! बाई करनी करून राह्यली!" मेहुणा धोतर सावरत आला. शेजारच्या दोघी कुंपणाशी आल्या. सुई कुंकवातून आत गेली, गेली, आणि टणक लागली. बंद. मी देवासमोरच हसायला लागले, त्यामुळे तर त्यांची खात्रीच पटली असणार.

मग मात्र सांगावं लागलं. सगळं सांगितलं, कागदसुद्धा दाखवला. मेहुण्यानं तो वाकून वाचला. मग म्हणाला, "भाऊजी असं करनार नाही. तुमाले शब्द देला होता न त्यायनं?" मला वाटलं होतं तो चिडेल. तो तुझी बाजू घेत होता आणि मी तुझ्या अक्षरातला कागद हातात धरून तुझ्यावर आरोप करत होते. त्यांनी चहा केला. सुई त्यांनी मला परत नेऊ दिली नाही, बाहेर नेऊन जमिनीत पुरली. असू दे.

परत येताना उरलेल्या दोन घरी जाऊन आले. तिथली माणसं देवदयेनं घाबरट निघाली, त्यांनी तोफा कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. दोन्ही बंद. आठ झाल्या. नववी वासुदेवभाऊंकडे होती. तुझा जीनमधला सोबती, मशिनींना तेल देणारा, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण घरात लहान मूल नाही आणि माणूस मशिनीतला. भीती लहान मुलांची असते, जाणत्याची कशाला, असं माझं गणित. त्या शेतकऱ्याचा टॉवेल मीच सोडला होता तरी हे गणित. दोन दिवस त्यांना फोन करत होते, उचलत नव्हते. दसऱ्याला उजाडलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आठ बंद, म्हणजे नववी तीच.

त्यांच्या घरी त्यांच्या सुनेनं सांगितलं, "बाबा जीनमधी गेले. आज मुहूर्त हाय न मशिनीचा. तोफ बी नेली संगं."

"तोफ कशाला?"

"तुमच्या भाऊले सलामी देनार हायेत म्हने सारे."

ऑटोवाल्याला मी काय बोलले ते आठवत नाही. जीनच्या फाटकाला आंब्याची पानं, झेंडूचे हार, आत पहिल्या कापसाची गाडी उभी, बैलांच्या शिंगांना रंग. लोक मला ओळखून बाजूला झाले. वर्कशॉपच्या दारातून मला चार पाठी दिसल्या, बाकावर वाकलेल्या. मधे तुझी तोफ व्हाइसच्या शिकंज्यात करकचून आवळलेली, आणि तुझ्या जागी आलेला फिटर, गजानन, तिच्या कानात ड्रिल घालत होता. शेजारी कागदावर फोडलेले फटाके.

मी ओरडले. शब्द नव्हते त्यात, नुसता आवाज. गजाननच्या हातून ड्रिल खाली पडलं.

"ताई, भेऊ नोका," तो म्हणाला, "काहीच नाही झालं. भाऊले सलामी द्यावं म्हटलं मशीन चालू व्हायच्या आंधी. पन कान बुजलेला निंगाला, म्हनून मोकळा करून राह्यलो."

म्हणजे ही तोफही बंद होती. मला ते कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर मी अधिकच घाबरले. गावोगाव फिरून मी कान बंद आहेत ना एवढंच बघत होते, आणि बंद कान म्हणजे काय, तर कुठल्याही फिटरचं पाच मिनिटांचं काम. आणि ही मुलं नव्हेत, तुझ्याच हाताखाली शिकलेली, तुझ्यावर जीव असलेली चार मोठी माणसं. तुझ्या प्रेमापोटी ती आपले पंजे गमावायला निघाली होती.

"पन ताई, एक समजून नाही राह्यलं," गजानन चाकाखालचा पितळेचा कीस दाखवत म्हणाला. "एवढं आत गेलं ड्रिल, कुठंच पोकळ लागून नाही राह्यलं. वरून तं नळी खोल दिसते. आतून सारी भरेल हाय."

तेवढ्यात पूजेकडून वासुदेवभाऊ धावत आले. बाकावरचं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी माझी भीती विसरले. त्यांनी तो फटाक्यांचा कागद उचलून पाण्याच्या टाकीत फेकला आणि गजाननला जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. सगळ्यांना बाहेर काढलं. मला तुझ्या जुन्या बाकावर बसवलं. मी त्यांना कागद दाखवला.

"ते तोफ?" ते म्हणाले. "ते तं फुटली, ताई. मांगच्या वर्सी, उन्हाळ्यात."

"फुटली? मी कुठे होते?"

"तुमी वंदनाच्या बाळंतपनाले महागावले गेलत्या तवा. भाऊले लय दिसाचं मनात होतं. एकडाव तं आवाज आयकू दे म्हने. माह्या घरी आले पायी पायी, भर दुपारी, हात वल्या दुपट्ट्यात. तोंड पांढरं फट्ट. पानी मांगतलं, पन गिलास धरता येईना. मीच पाजलं. म्हने, वासुदेवा, तुकडा कानाजवळून गेला अन् टिनातून बाहीर निंगाला. म्हने, सुमी सांगून राह्यली होती. तेवढंच म्हनत होते, सुमी सांगून राह्यली होती." वासुदेवभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मंग साऱ्या तोफा फळीवरून काढल्या अन् एकेकीच्या नळीत पितळेचा दांडा ठोकून बसवला. वर बोटभर तेवढी जागा सोडली, दिसाले. म्हने आता कोनाच्या बापाले बी वाजवता नाही येत. पोट्टे मले बोलले असते तं मी हे सांगतलं असतं. मले वाटलं, पूजेत ठेवाले नेऊन राह्यले."

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"सांगनार होते. तुमी आल्या की सांगतो म्हनत." मग म्हणाले, "तुमीच तं पट्टी केली होती न त्यायच्या हाताले?"

घरी आले. सरळ टिनाच्या खोलीत गेले. लेथच्या मागच्या भिंतीवर, जिथे तू औजारांची पाटी टांगायचास, ती पाटी काढली. मागे टिनाला रुपयाएवढी गोल चकती बसवलेली, चार रिव्हेट मारून, कडा कानशीनं घासून अशा गुळगुळीत केलेल्या की बोट फिरवलं तरी लागू नये. मी तुझ्या स्टुलापाशी उभी राहिले आणि हातानं उंची मोजली. चकती तुझ्या कानशिलाच्या उंचीला होती. वर्षभर मी त्या खोलीत तुला चहा आणून देत होते, तू पाटीला पाठ लावून पीत होतास.

आठ दिवस झाले त्याला. भीती गेली असेल असं वंदनाला वाटतं. तोफा सगळ्या भरलेल्या, आता काय उरलं, म्हणते. तिला कसं सांगू की आता लागलेली भीती वेगळी आहे. ती होऊन गेलेल्या गोष्टीची आहे आणि तिच्यावर धावत जाऊन ओरडता येत नाही. मी महागावला वंदनाच्या बाळाला न्हाऊ घालत होते तेव्हा तू त्या खोलीत एकटा होतास, हे डोळ्यांसमोरून जात नाही. बोटभर इकडे असतं तर मला शेजाऱ्याचा फोन आला असता. तू मला वर्षभर जास्त मिळालास आणि मला ते माहीतही नव्हतं. माहीत असतं तर त्या वर्षात मी तुझ्याशी साखरेवरून, टीव्हीच्या आवाजावरून, ओल्या टॉवेलवरून भांडले नसते. भांडलेच असते म्हणा. पण थोडं कमी.

आणि रागही आहे, तो लपवत नाही. तुझा शब्द मोडलास. वर खोटं बोललास. पण माझं म्हणणं खरं ठरल्यावर तू गपचूप नऊ तोफा भरून टाकल्यास, मीसुद्धा कधी मागितलं नव्हतं इतक्या पक्क्या. गजाननची चार बोटं आज जागेवर आहेत ती माझ्या सुईमुळे नाहीत, तुझ्या दांड्यामुळे आहेत. दोन दिवस मी जिल्हाभर जे शोधत फिरले ते तू वर्षापूर्वीच निस्तरून ठेवलं होतंस. त्याबद्दल तुझे पाय धरावे वाटतात.

पण ती पट्टी. महागावहून आले त्या संध्याकाळी तू ओसरीवर बसला होतास, मनगटापर्यंत फडकं. पितळ जोडायला डाग देताना ज्योत सरकली म्हणालास. मी हात धुतला, मलम लावलं. कातडीत काळे बारीक ठिपके होते, तिळासारखे रुतलेले. दादा, दिवाळीनंतरच्या आठवड्यात असे ठिपके मी शेकडो हातांवर बघितले आहेत. आंधळ्या माणसालाही कळले असते. मी ते धातूची धूळ समजून पुसत राहिले, कारण मला वंदनाच्या बाळाचं नाक कुणावर गेलं ते तुला सांगायचं होतं.

"सुमे," तू विचारलंस, "लय खोल हाय काय?"

"काही नाही. वरवरचं आहे."

तू त्या हाताकडे बघितलंस. मग म्हणालास, "मले भेव वाटून राह्यलं वं."

आणि मी हसले. मी, जिला तुझ्या तोफांची एवढी वर्षं धास्ती. "एवढ्याशा भाजण्याचं?" म्हटलं, गाठ मारली, कात्रीनं टोक कापलं आणि बाळाचं पुढचं सांगायला लागले. तू ऐकत बसलास. शेवटपर्यंत ऐकलंस.

परत एकदा विचार ना, दादा. लय खोल हाय काय म्हणून विचार. या खेपेला मी हात बाजूला ठेवीन आणि आधी तुझ्या तोंडाकडे बघीन.